जुन्या ईमेलची सफाई आणि वकिलाची नोटीस

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमची सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. मेलबॉक्स भरत आल्याने दोन वर्षांपूर्वीचे सर्व ईमेल पुसावेत, असे संगणकाचे काम पाहणारे गृहस्थ सुचवतात. दरम्यान, नाकारलेल्या मालावरून एका ग्राहकाच्या वकिलाची नोटीस आली आहे. काय करावे?

उत्तर : सफाई आजच थांबवावी. विक्री, गुणवत्ता तपासणी आणि लेखा विभागातील ज्यांचा त्या ग्राहकाशी पत्रव्यवहार झाला, त्यांच्या मेलबॉक्सवरील आपोआप पुसण्याची सोय बंद करून त्यांना तसे लेखी कळवावे. न्यायालयापुढे येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, आणि नोटिशीनंतर केलेल्या सफाईमागे तसा हेतू नव्हता हे पटवून देणे अवघड जाते.

‘दोन वर्षे’ हा आकडा जागेच्या टंचाईतून आलेला दिसतो, कायद्यातून नव्हे. ईमेल किती काळ ठेवायचा हे त्यातील मजकुरावरून ठरते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके व संबंधित व्हाउचर किमान ८ आर्थिक वर्षे, तर जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. म्हणून ‘पीओमधील (खरेदी आदेशातील) दर बदलून पाठवत आहोत’ एवढ्या दोन ओळींचा ईमेलही बिलाइतकाच जपावा. कँटीनच्या सूचना खुशाल पुसाव्यात. मात्र सगळेच कायमचे साठवणे हाही शहाणपणा नव्हे, कारण जे साठवले आहे ते प्रतिपक्ष न्यायालयामार्फत मागू शकतो. मुदतींचा तक्ता संचालक मंडळाच्या ठरावाने मंजूर करून घ्यावा.

ईमेलची नुसती छापील प्रत काढून फाइलला लावणे पुरेसे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७ ला पाठवणारा, घेणारा, तारीख आणि वेळ यांची ओळख पटवणारा तपशीलही जतन केलेला हवा असतो. जालन्याच्या निवडणूक वादात (अर्जुन खोतकर प्रकरण, २०२०) सर्वोच्च न्यायालयाने मूळ उपकरण सादर न करता प्रत दिल्यास, ती कोणत्या उपकरणातून व कशी काढली हे सांगणारे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली, हॅश मूल्यासह (फाइलवरून काढलेला, तिच्यात फेरफार झाल्यास बदलणारा अंक-अक्षरांचा ठसा) द्यावे लागते.

नोकरी सोडून गेलेल्यांची खाती मात्र लगेच तपासावीत. परवान्याचे पैसे वाचवायला ती बंद केली जातात आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये वेगळी तजवीज केलेली नसेल, तर ३० दिवसांनंतर मेलबॉक्स परत मिळत नाही.