चिठ्ठीवरची चरबी आणि पोटावरची

दवाखान्यात हल्ली पेशंट बसायच्या आधी खिशातून चरबी मोजायच्या मशीनची एक छापील चिठ्ठी काढून टेबलावर ठेवतो. वजन, बॉडी फॅट, व्हिसरल फॅट (आतड्यांभोवतीची चरबी), स्नायू आणि सगळ्यात खाली 'शरीराचं वय'. या सदरासाठी आलेली पत्रंही बहुतेक त्या चिठ्ठीबद्दलच आहेत, म्हणून या वेळी दुसरा विषय घेतलेला नाही. काहींना एका ओळीत उत्तर मिळेल, त्यांनी रागावू नये.

सकाळी बागेत फिरायला जातो तिथे मोफत तपासणी असते. माझं वय ४६. मशीनने बॉडी फॅट ३१ टक्के आणि शरीराचं वय ६३ दाखवलं. तिथल्या ताईंनी प्रोटीनचा शेक प्यायला सुरू करायला सांगितलाय. करू का? (गोडोली, सातारा)

नको. 'शरीराचं वय' नावाचं मोजमाप वैद्यकशास्त्रात नाही. तुम्ही सांगितलेलं वय, उंची आणि मशीनला मिळालेलं वजन कंपनीच्या सूत्रात घातलं की तो आकडा बाहेर पडतो. कंपनी बदला, तुम्ही पाच वर्षांनी तरुण व्हाल. ४६ च्या माणसाला ६३ सांगितलं की तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस डब्याची किंमत विचारत नाही. तपासणारा आणि विकणारा एकच असेल तिथे मी तरी मशीनवर पाय ठेवणार नाही.

३१ टक्के हा आकडा मात्र अगदीच उडवून लावू नका. तो अंदाज आहे, पण पुरुषाच्या मानाने जास्तच आहे. रक्तदाब, उपाशीपोटी साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) एवढं तपासून तुमच्या डॉक्टरांना भेटा. मूत्रपिंड कुरकुरत असेल तर प्रोटीनचा डबा विचारल्याशिवाय उघडायचा नसतो, आणि बागेत हे कुणी सांगत नाही.

घरच्या वजनकाट्यावर सकाळी चरबी २९ टक्के आणि संध्याकाळी २५ येते. दिवसभरात चार टक्के जाते कुठे? (विश्रामबाग, सांगली)

कुठेही जात नाही. काटा चरबी बघतच नाही. तो एका तळपायातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतो आणि दुसऱ्या पायाकडून किती अडथळा आला ते मोजतो. स्नायूंत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी, तिथून वीज सहज जाते. चरबीत पाणी नगण्य, तिथे अडते. पुढचं सगळं गणित. दिवसभर उभं राहून पायांत पाणी उतरलं की वाट सोपी होते आणि काटा म्हणतो, 'चरबी कमी झाली'. उलट उन्हातून घामाघूम होऊन आलात, पाणी प्यायला नाहीत, तर चरबी 'वाढते'. शिवाय फक्त पायांवर उभं राहायच्या काट्याचा प्रवाह मुख्यतः पायांतूनच फिरतो. पोटाबद्दल तो जे बोलतो ते ऐकीव.

वापरायचाच असेल तर काटा तोच, वेळ तीच: सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, कोरड्या अनवाणी पायांनी. बायकांनी पाळीच्या आसपासचे आकडे धरू नयेत. महिन्यातून एकदा लिहून ठेवा. एक-दोन टक्क्यांच्या फरकाला फरक म्हणू नका.

वडिलांना पेसमेकर आहे. असा काटा चालेल का? (कोरेगाव)

नाही. साधा वजनकाटा घ्या. गरोदर बाईनेही या मशीनवर उभं राहू नये.

उंची १६८ सेंटीमीटर, वजन ६१ किलो, वय ४१. बीएमआय २१.६ म्हणजे नॉर्मल. अजिंक्यतारा चढतो. पँटची कंबर दहा वर्षं ३२ च आहे. बायको मात्र 'पोट सुटलंय' म्हणते. टेपने बेंबीपाशी ९४ सेंटीमीटर भरलं. वडिलांना मधुमेह होता. काळजी करावी का? (शाहूपुरी, सातारा)

वहिनी बरोबर आहेत. तुम्ही, तुमची पँट आणि तुमचा बीएमआय तिघंही चुकताय.

पँटचं आधी. पोट पुढे आलं की पुरुष पँट पोटाखाली सरकवतो. कंबर ३२ राहते ती अशी.

आता बीएमआय. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं, हे गणित बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने १८३० च्या दशकात मांडलं. त्याला समाजातला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, तुमचं पोट नव्हे. त्यात स्नायू किती, चरबी किती, ती कुठे साठली, यातलं काहीच कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र यडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. एक मॅरेथॉन पळणारे, तर दुसऱ्यांचा व्यायाम, त्यांच्याच कबुलीप्रमाणे, लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली, तेव्हा ती इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला खूप कमी भरली, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, ही आपली ठेवण पाळण्यापासूनची आहे. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ वरून २३ वर आणली, आणि कमरेची रेघ पुरुषांना ९० व बायकांना ८० सेंटीमीटर धरली. उंचीच्या निम्म्याहून कंबर जास्त नको, हा सोपा हिशेब. तुमची निम्मी उंची ८४. तुम्ही ९४ वर आहात.

हे घातक का, ते सांगतो. जेवल्यावर रक्तात आलेली साखर भरून ठेवायची मोठी कणगी म्हणजे स्नायू. तुमची कणगी लहान. त्यात आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. साखर बाहेर सांडणारच. आणि 'मी बारीक आहे' म्हणून तपासत कुणी नाही. घरात मधुमेह, चाळिशी उलटलेली, पोट पुढे, वजन 'नॉर्मल' असा माणूस माझ्याकडे पहिल्यांदा येतो तो पायाची जखम भरत नाही म्हणून. कधी कधी याचा मला संताप येतो. त्याच्या आधीची पाच-सात वर्षं फुकट गेलेली असतात.

तेव्हा मशीन वगैरे सोडा. याच आठवड्यात उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तातल्या चरबीचं प्रोफाइल करून घ्या, रक्तदाब मोजा आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि उपास करून वजन उतरवू नका. ६१ किलोतून आधी स्नायूच जातील. अजिंक्यतारा चढता, उत्तम. पण आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायामही हवा: बैठका, जोर, झेपेल तेवढं वजन. ताटात भाकरी एक कमी आणि मटकी, दही, अंडं जास्त. कंबर महिन्याला एकदा मोजा.

पैलवान आहे, वय २१, वजन ७८. चार दिवसांत ७४ च्या गटात बसायचंय. मशीन चरबी ११ टक्के दाखवते, म्हणजे तोडायला जागा आहे ना? (कराड तालुका)

नाही. चार दिवसांत चार किलो चरबी जात नाही. जातं ते पाणी, आणि पाणी गेलेल्या अंगाची चरबी मशीन उलट जास्त दाखवणार. १९९७ साली अमेरिकेत असंच घाम काढून वजन तोडताना तीन कॉलेज पैलवान महिन्याभराच्या अंतरात मेले. त्यानंतर तिथे नियम झाला: लघवी तपासून अंगात पुरेसं पाणी आहे हे बघितल्यावरच चरबी मोजायची, आणि ती ५ टक्क्यांच्या खाली जाईल असा गट द्यायचा नाही. लघवीची गोळी तर स्पर्धेत बंदी असलेली आहे, आणि पोटॅशियम ढासळून हृदय बंद पाडू शकते.

तुमच्याच तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेटला सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत वरच्या, बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. वस्तादांना घेऊन क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना भेटा, पुढच्या हंगामाचा गट आत्ताच ठरवा. या वेळी ७९ ला खेळा.

चरबी मोजायला पुण्याला जाऊन डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांचा) करावा का? किरणोत्सर्गाची भीती वाटते. (मिरज)

किरणोत्सर्ग फार थोडा असतो. गरोदर नसाल तर भीती नको. पण करून करणार काय? त्या रिपोर्टने उपचार बदलणार असतील तर डॉक्टरच लिहून देतील. आणि हाडं ठिसूळ झालीत का बघायचा मणका-खुब्याचा स्कॅन वेगळा, अख्ख्या अंगाची चरबी मोजायचा वेगळा. पैसे भरण्याआधी कोणता, ते विचारा.

मुलगी १४ वर्षांची आहे. जिमवाले तिची बॉडी फॅट मोजू म्हणतात. (वाई)

मोजू देऊ नका. बालरोगतज्ज्ञांकडे वाढीचा तक्ता असतो, तो पुरे.

काहीही न करता तीन महिन्यांत ८ किलो कमी झाले. मशीनवर चरबीही उतरलीय. असंच चालू ठेवू का? (फलटण)

हे पत्र छापून येईपर्यंत थांबला असाल तर आजच उठा. न मागता उतरलेलं वजन म्हणजे मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग किंवा त्याहून वाईट काही असू शकतं. तहान फार लागते का, ताप येतो का, खोकला आहे का, हे सगळं डॉक्टरांना सांगा.

कंबर मोजायला कोणती टेप घ्यावी, आणि नेमकी कुठे धरावी? (कुपवाड)

शिंप्याची. जुनी असेल तर आधी फूटपट्टीशी ताडून बघा, वापरून ताणलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, शर्ट वर करून, टेप न आवळता. श्वास सहज सोडल्यावर वाचा. पोट आत ओढू नका. तिथे बघायला कुणी नसतं.