कामाआधीची ईमेल: फ्रीलान्स चित्रकाराच्या तीन प्रश्नांना उत्तर

तुम्ही नोकरी सांभाळून मुखपृष्ठं आणि मुलांच्या पुस्तकांतली चित्रं करता, आणि आता पूर्ण वेळ यातच उतरायचा विचार आहे. दर कसा ठरवायचा, नोकरी कधी सोडायची आणि सध्याचा क्लायंट ओपन फाइल (लेअर्स सुटे असलेली, बदल करता येणारी मूळ फाइल) मागतोय त्याला काय सांगायचं, हे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

अशा वेळी सोशल मीडियावर सतत दिसत राहा, हा सल्ला हमखास मिळतो. त्याचा थोडाफार उपयोग होतोही. पण इतकी वर्षं या क्षेत्रात काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. उत्तम हात असलेली माणसं फ्रीलान्सिंग सोडून जाताना मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांकडे कामं होती. ती कामं संपत नव्हती आणि पैसे हातात पडत नव्हते. दोन्हीचं मूळ एकच: काम सुरू होण्याआधी काहीच लिहून ठेवलेलं नसायचं.

आधी दर. पगार भागिले महिन्याचे २२ दिवस, असा हिशोब बहुतेक जण करतात आणि तिथेच फसतात. वर्षात आठवड्याला पाच याप्रमाणे २६० कामाचे दिवस. सुट्ट्या, आजारपण, घरची अडीअडचण यांचे ३० वजा करा, उरले २३०. यातला जवळपास निम्मा वेळ कोटेशन, फोन, हिशोब, नवीन काम शोधणं आणि स्वतःचा सराव यात जातो असं धरून चाला. म्हणजे बिल लावता येईल असे साधारण ११५ दिवस. तुमचा वर्षाचा घरखर्च, कर, सॉफ्टवेअर, यंत्रांची झीज, विमा आणि थोडी बचत यांची बेरीज करून तिला ११५ ने भागा. बेरीज पगाराइतकीच धरली तरी हा आकडा २२ दिवसांच्या हिशोबापेक्षा सव्वादोन पटीहून जास्त येतो. तो बघून घाबरू नका, खरा खर्च तोच आहे.

मात्र हा आकडा स्वतःपुरता ठेवा. याच्याखाली काम घ्यायचं नाही, ही ती रेघ. क्लायंटला दिवसाचा दर सांगू नका, पूर्ण कामाची एक रक्कम सांगा, आणि ती ठरवताना चित्र कुठे, किती काळ आणि किती लोकांसमोर वापरलं जाणार आहे हे विचारा. कॅरोलिन डेव्हिडसन यांनी विद्यार्थिदशेत १९७१ मध्ये नाइकीचं बोधचिन्ह काढलं, तासाच्या हिशोबाने, आणि त्याचे त्यांना ३५ डॉलर मिळाले. पुढे १९८३ मध्ये कंपनीने त्यांना शेअर दिले, पण ते आपखुशीने. मूळ व्यवहारात तसं काहीच ठरलेलं नव्हतं. त्यावेळी कंपनीही लहान होती, त्यामुळे दोष कुणाचा हा मुद्दा नाही. तासांवर किंमत लावली की चित्राच्या पुढच्या आयुष्याचा हिशोबात विचारच होत नाही, एवढंच मला दाखवायचं आहे.

आता लिहून ठेवण्याबद्दल. वकिली भाषेतला मोठा करार प्रत्येक वेळी लागत नाही. एक ईमेल आणि तिला समोरून आलेलं ‘मान्य’ एवढ्यावर बहुतेक कामं नीट पार पडतात. मी जी पाठवतो ती साधारण अशी असते: ‘एका मुखपृष्ठासाठी तीन रफ (कच्ची चित्रं). त्यातलं एक तुम्ही निवडाल. निवडलेल्या रफवर दोन वेळा करेक्शन्स. एका वेळच्या सगळ्या सूचना एकाच माणसाकडून, एकत्र. रफ मंजूर झाल्यावर मांडणी बदलायची असल्यास त्याचं वेगळं कोटेशन. निम्मी रक्कम ॲडव्हान्स, ती जमा झाल्यावर काम सुरू. उरलेली फायनल फाइल पाठवण्याआधी. चित्राचा वापर या पुस्तकाच्या छापील आणि ई-आवृत्तीसाठी. मधेच काम थांबवल्यास तोवर झालेल्या टप्प्याचे पैसे.’

यातलं मंजुरीनंतरच्या बदलाचं वाक्य सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. रंगकाम पूर्ण झाल्यावर फोन येतो, ‘बाकी सगळं छान आहे, फक्त मुलगी डावीकडे बघताना दाखवाल का?’ सांगणाऱ्याला तो खरोखर छोटा बदल वाटतो, त्याच्या मनात काही काळंबेरं नसतं. पण मान वळली की खांदा बदलतो, उजेड दुसऱ्या गालावर येतो, केसांची सावली हलते, तिच्या नजरेसमोर ठेवलेलं मांजर आता तिच्या पाठीमागे जातं आणि शीर्षकासाठी राखलेली जागा भरून जाते. म्हणजे नवीन चित्रच. ईमेलमध्ये ते वाक्य असलं की वाद न घालता ‘हो, करू या, त्याचं कोटेशन संध्याकाळपर्यंत पाठवतो’ एवढंच बोलावं लागतं. अनेकदा मग मुलगी उजवीकडे बघते तीच चालते.

लेखी अटी मागितल्या तर क्लायंट नाराज होईल ही भीती सोडा. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून ८०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या फ्रीलान्स कामाला लेखी करार कायद्यानेच लागतो, आणि पैसे देण्याची तारीख ठरली नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत द्यावे लागतात. आपल्याला असा कायदा लागू असो वा नसो, व्यवस्थित काम करणारा क्लायंट अशी ईमेल आली की उलट निर्धास्त होतो.

नोकरीचं म्हणाल तर किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा आणि पुन्हा पुन्हा येणारे तीन-चार क्लायंट असावेत. एकाच क्लायंटकडून निम्म्याहून जास्त पैसे येत असतील तर थोडं थांबा, कारण तिथला तुमच्या ओळखीचा संपादक बदलला की तेवढी कमाई एका झटक्यात थांबते. जुन्या क्लायंटला काम संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी आठवणीने लिहा. नवा क्लायंट शोधण्यापेक्षा यात कितीतरी कमी वेळ जातो. पोर्टफोलिओत जे काम पुढे मिळावंसं वाटतं तेवढंच ठेवा, दहा-बारा चित्रं पुरतात.

राहिली ओपन फाइल. बर्न करारानुसार (कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, १८८६ चा, जगातले बहुतेक देश त्यात आहेत) चित्र तयार होताच त्याला कॉपीराइटचं संरक्षण मिळतं, नोंदणीची गरज नसते. नोकरीतलं काम किंवा हक्कांबद्दल आधी सही केलेली अट यांची गोष्ट वेगळी, त्यामुळे जुन्या ईमेल एकदा नीट तपासा. तसं काही नसेल तर ओपन फाइल देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. पण थेट नकारही देऊ नका. आधी ती कशासाठी हवी आहे ते विचारा. पुष्कळदा फक्त मजकूर बदलायचा असतो किंवा बॅनरसाठी आडवा आकार हवा असतो, आणि ते तुम्हीच थोड्या पैशांत करून देऊ शकता. चित्रातली पात्रं सुटी करून दुसऱ्या वस्तूंवर वापरायची असतील तर तो नवीन वापर झाला, त्याची वेगळी रक्कम आणि मुदत ठरवा. आजच एवढं लिहा: ‘मूळ कोटेशनमध्ये फायनल फाइलचा समावेश होता. लेअर्ससह फाइल कशासाठी हवी आहे ते कळवलंत तर त्याप्रमाणे कोटेशन पाठवते.’ त्यांचं उत्तर आल्यावर वापर कोणता ते इथे सांगा, रकमेचा अंदाज लावायला मदत करेन.