हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला हे खरं का? आणि नुसत्या उजेडावरून सूर्यावर कोणता वायू आहे हे कळतं कसं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. मी देवगड तालुक्यातलाच, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, आणि बरीच वर्षं मीही वर्गात छाती फुगवून विजयदुर्गाचंच नाव घ्यायचो.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात (प्रकाश फोडला की दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात) एक पिवळी रेघ दिसली, ती बहुतेकांनी सोडियमची धरली. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तिकडूनच ती रेघ पाहिली. ती सोडियमच्या जागेवर बसत नव्हती. लॉकियर विजयदुर्गला आला हे खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावर दाखवतात त्या ‘साहेबाच्या कट्ट्यां’चा संबंध मला तरी याच भेटीशी वाटतो. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने १८९५ मध्ये युरेनियमच्या खनिजातून हेलियम प्रयोगशाळेत काढूनही झाला होता.

आता उजेडाचं. गॅसवर डाळ उतू गेली की निळी ज्योत एकदम पिवळी होते, पाहिलंय ना? तो पिवळा रंग डाळीचा नाही, मिठातल्या सोडियमचा. आमच्या लॅबमध्ये सोडियमचा दिवा लावून स्पेक्ट्रोमीटरमधून पाहिलं की त्या पिवळ्याच्या दोन बारीक रेघा होतात, तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. दरवर्षी निम्मी मुलं “सर, एकच दिसते” म्हणतात, आणि दरवर्षी प्रकाश आत घेणारी फट जास्त उघडी ठेवलेली असते. सूर्यावरची ती रेघ, म्हणजे हेलियमची, ५८७.६ ला आहे. जेमतेम दीड नॅनोमीटरच्या फरकावर नवं मूलद्रव्य!

एवढा विश्वास कशाच्या जोरावर? आमच्याकडे माडाला चढायला खोडावर खाचा पाडतात. पाय खाचेतच ठेवता येतो, दोन खाचांच्या मध्ये नाही. अणूतल्या इलेक्ट्रॉनचंही तसंच: ठरावीक ऊर्जापातळ्या, मधलं काही चालत नाही. वरच्या खाचेवरून खालच्या खाचेवर आला की तेवढ्या फरकाची ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. हायड्रोजनचा हिशोब भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने १९१३ मध्ये मांडला. तळाची पातळी उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूतल्या ऊर्जेचं माप), दुसरी उणे ३.४, तिसरी उणे १.५१. तिसरीवरून दुसरीवर उडी म्हणजे १.८९, आणि १२४० ला (ऊर्जेवरून तरंगलांबी काढायचा ठरलेला आकडा) १.८९ ने भागा: ६५६ नॅनोमीटर, लाल. ग्रहणातल्या ज्वाळा तांबड्या दिसतात त्या याच रेघेमुळे. मुलांना हा भागाकार मी फळ्यावर करायला लावतो, कारण उत्तर जुळलं की चेहरे बदलतात.

(माडाची उपमा इथवरच. इलेक्ट्रॉन कुठे लटकलेला नसतो. तो लाटेसारखा वागतो, आणि केंद्रकाभोवती ठरावीक घाटाच्याच लाटा टिकतात, म्हणून पातळ्या ठरावीक.)

केंद्रकावरचा भार आणि इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली की सगळ्या खाचांची अंतरं बदलतात. म्हणून दोन मूलद्रव्यांचे माड कधीच सारखे नसतात. एखादी रेघ दुसऱ्याच्या शेजारी पडू शकते, पण रेघांचा सगळा संच जुळणार नाही.

मग ग्रहणच कशाला लागलं? अणू जो प्रकाश देतो तोच गिळूही शकतो, आणि गिळला की तिथे काळी रेघ पडते. नेहमीच्या उन्हाच्या वर्णपटात सोडियमच्या अशा काळ्या रेघा ठळक दिसतात, हेलियमची ही पिवळी सहसा नाही. खरं तर सूर्यात हायड्रोजनखालोखाल हेलियमच आहे. गोम अशी की ही पिवळी उडी तळाच्या पायरीशी येतच नाही. हेलियमची पहिली वरची खाचच तळापासून जवळपास २० इलेक्ट्रॉन व्होल्टवर. पिवळा प्रकाश द्यायचा तर इलेक्ट्रॉनने आधी २३ च्या आसपास चढायचं आणि मग २१ वर उतरायचं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअस. तिथल्या धक्काबुक्कीत सरासरी एक इलेक्ट्रॉन व्होल्टसुद्धा मिळत नाही, त्यामुळे २१ वर बसलेला, पिवळा प्रकाश गिळायला तयार असलेला हेलियमचा अणू तिथे जवळजवळ सापडतच नाही. पृष्ठभागाच्या वरच्या पातळ गुलाबीसर थरात आणि ज्वाळांत मात्र परिस्थिती वेगळी, तिथे तो चमकतो. पण सूर्याच्या झगमगाटापुढे तो थर दिसणार कसा? चंद्राने तबकडी झाकली की दिसतो. लॉकियरने तेवढी वाट पाहिली नाही, दुर्बिणीत आलेल्या सूर्याच्या प्रतिमेच्या अगदी कडेबाहेर त्याने स्पेक्ट्रोस्कोपची फट नेऊन ठेवली.