वय वाढत असताना अंगमेहनतीच्या स्वतःच्या व्यवसायाबद्दल कृतज्ञता वाटू शकते का?

आपण विचारले आहे की, स्वतःचा अंगमेहनतीचा व्यवसाय आहे, वय पन्नाशीकडे झुकले आहे आणि शरीर साथ देईनासे झाले आहे, अशा वेळी कामाबद्दल कृतज्ञता कशी टिकवावी, की ती केवळ मनाची समजूत असते? यातील ‘मनाची समजूत’ हे शब्द वाचून मी उत्तर लिहायला बसलो, कारण माझ्या थोरल्या भावाने नेमके हेच शब्द मला ऐकवले होते आणि त्यांचे पुरते उत्तर मी त्याला अजून दिलेले नाही.

मी सुतार आहे आणि माझे वय ५६ आहे. पाच वर्षांपूर्वी एका जुन्या ग्राहकांच्या घरी भिंतीतले कपाट करायचे होते आणि त्या दिवशी माझा मदतनीस आला नाही. आठ बाय चार फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा ताव साधारण ३० किलोंचा भरतो. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थ या, कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य यांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असली तरीही, हाताने उचलायच्या वजनाची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो धरली आहे. ओझे अंगापासून दूर असेल किंवा उचलताना कंबर वळवावी लागत असेल, तर ती आणखी खाली येते. जिन्याच्या वळणावर आडवा ताव सांभाळताना या दोन्ही गोष्टी घडतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, पण ठाऊक असते तरी मी थांबलो असतो असे वाटत नाही. तसे चार ताव मी एकट्याने दुसऱ्या मजल्यावर चढवले. ते चढवताना काहीच झाले नाही. दुपारी जमिनीवर पडलेली पटाशी उचलायला वाकलो, तेव्हा कंबरेत अशी चमक निघाली की मी होतो तिथेच आडवा झालो.

माझे डोके त्या घरातल्या जेवणाच्या टेबलाखाली गेले होते. ते टेबल त्या दिवसाच्या १८ वर्षे आधी मीच केले होते. फळीच्या खालच्या बाजूला माझ्या हातची पेन्सिलीची मापे जशीच्या तशी होती आणि एका पायाच्या सांध्यात मारलेली पाचर दिसत होती. ती पाचर मला तत्काळ आठवली, कारण तो सांधा ढिला बसला होता, नवा पाय करण्याइतके लाकूड उरले नव्हते आणि ग्राहकांना न सांगता मी पाचर ठोकून, घासून, रंग देऊन ते झाकले होते. घरातल्या बाई पाणी घेऊन आल्या, तेव्हा पडल्या पडल्याच मी त्यांना ते सांगून टाकले. त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, “दोन्ही मुलांचा अभ्यास याच टेबलावर झाला, पाय कधी हलला नाही.”

मला तेव्हा आनंद झाला असे मी म्हणणार नाही, कारण वेदनेने डोळ्यांत पाणी आले होते. परंतु ज्या ३३ वर्षांच्या माणसाने चूक केली आणि तरीही ती पाचर एवढ्या काळजीने बसवली, त्याच्याविषयी मला जे वाटले, त्याला कृतज्ञतेखेरीज दुसरा शब्द मला सापडत नाही.

पुढचे सहा आठवडे काम बंद होते आणि स्वतःचा व्यवसाय असणाऱ्याला आजारपणाची भरपगारी रजा नसते, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. त्या काळात भाऊ भेटायला आला. मी त्याला टेबलाची हकीकत सांगितली, तेव्हा तो म्हणाला, “तू आयुष्यभर शरीर विकलेस, आणि आता त्यालाच समाधान म्हणतोस. ही मनाची समजूत आहे.”

त्याच्या म्हणण्यातला शरीराचा भाग खरा आहे. तिशीनंतर स्नायू दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. मणक्यांमधल्या चकत्यांना प्रौढ वयात थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, म्हणून त्यांची झीज सहजी भरून येत नाही. परंतु मी शरीर विकले हे मला मान्य नाही. पंचविशीत मी रंधा रेषेच्या उलट चालवायचो, लाकडाचे तंतू उपटले जायचे आणि ते गुळगुळीत करण्यासाठी दुप्पट जोर लावायचो. आज मी आधी फळी हातात फिरवून रेषा पाहतो, पटाशीला धार लावण्यात वेळ घालवतो आणि निम्म्या जोरात काम होते. ही समज मला इतक्या वर्षांच्या अंगमेहनतीनेच दिली. ग्राहकाने पैसे मोजून नेली ती वस्तू, ही समज माझ्यापाशीच राहिली.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाच्या एका भागात स्नायू व मज्जातंतूंचे आजार असलेली प्रौढ माणसे होती. तीन आठवडे रोज कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणाऱ्यांची मनःस्थिती आणि झोप, न लिहिणाऱ्यांपेक्षा चांगली असल्याचे त्यांनी नोंदवले. शरीर साथ देत नसलेल्यांबाबत असे आढळावे, हे मी भावाला आवर्जून सांगितले. मी स्वतः मात्र वही ठेवत नाही. माझ्या दृष्टीने केलेले काम पुन्हा जाऊन पाहणे अधिक उपयोगाचे आहे. ज्याला कृतज्ञता शोधायची आहे, त्याने दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या आपल्या कामाकडे एकदा जावे आणि शक्य असेल तर ते खालच्या बाजूने पाहावे.

आणखी एक गोष्ट मी ठामपणे सांगतो. ज्या कृतज्ञतेपोटी माणूस आपला दर वाढवत नाही, ती कृतज्ञता नव्हे, तो भिडस्तपणा आहे. मी त्या दुखण्यानंतर प्रत्येक अंदाजपत्रकात मदतनिसाची मजुरी वेगळी लिहू लागलो, ताव जिना चढवण्यापूर्वीच कापून घेऊ लागलो आणि दोन ग्राहक त्यामुळे सोडून गेले. त्यांना मी थांबवले नाही.

हे सर्व अशा माणसाचे मत आहे, ज्याने हे काम स्वतः निवडले आणि ज्याच्या डोक्यावर फार मोठे कर्ज नव्हते. देणेकऱ्यांच्या तगाद्यामुळे दुखऱ्या अंगाने कामावर जाणाऱ्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करण्याचा अधिकार मला नाही. तसेच कंबरदुखीबरोबर पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा येत असेल, अथवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

आपण कोणते काम करता हे प्रश्नात लिहिलेले नाही. गवंडी, माळी किंवा ओझी वाहणाऱ्याच्या कामात झिजणारा सांधा वेगळा असतो, आणि ज्याचे काम मागे उरतच नाही त्याने परत जाऊन काय पाहावे, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. व्यवसाय कळवल्यास, ओझे कुठे कमी करता येईल एवढे तरी मी नेमके सांगू शकेन.