गोड खात नाही, तरी उपाशीपोटी साखर का वाढते?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. माझे वय ४६ असून मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. उंची १६५ सेंटीमीटर, वजन ७१ किलो, कंबर ९७ सेंटीमीटर. मला कोणी लठ्ठ म्हणत नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो. तरीही उपाशीपोटी साखर ११४ आली, आणि आमचे डॉक्टर म्हणतात की पोट कमी करा. उलट माझ्या वहिनींचे वजन ८८ किलो असूनही त्यांची साखर ९२ आहे. पोटाचा आणि साखरेचा काय संबंध?

उत्तर : रात्री नऊला जेवून सकाळी सातला रक्त दिले, तर त्या वेळी रक्तात असणारी साखर आदल्या दिवशीच्या ताटातून आलेली नसते, ती बहुतांशी यकृताने रातोरात तयार करून सोडलेली असते. मेंदूला अखंड साखर लागत असल्यामुळे हे काम आवश्यकच आहे, पण किती साखर सोडायची यावर इन्सुलिनचा लगाम असतो. तो लगाम सैल पडण्यामागे पोटातल्या चरबीचा मोठा हात असतो.

चरबीची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर तेलाचा एकच मोठा थेंब दिसतो आणि पेशीचे केंद्रक एका कडेला चपटे होऊन चिकटलेले असते. जेवणानंतर इन्सुलिन वाढले की ही पेशी चरबी साठवते, आणि रात्री ते उतरले की मेदाम्लांच्या रूपात ती परत रक्तात सोडते, ज्यावर स्नायूंचे काम चालते. ही देवघेव सुरळीत असेपर्यंत चरबी आपले रक्षणच करते. एका दुर्मीळ आजारात जन्मतःच शरीरात चरबीच्या पेशी जवळजवळ नसतात. असे रुग्ण कृश दिसतात, तरी त्यांना तीव्र मधुमेह होतो, कारण खाल्लेली चरबी ठेवायला जागाच नसते.

तुमच्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. गोदामात सुताची पोती मावेनाशी झाली की ती मागांच्या मधल्या वाटेत रचावी लागतात आणि कामगारांना हलता येत नाही. त्वचेखालच्या पेशी तुडुंब भरल्या की जादा चरबी अशीच पोटात आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते. मग तिथे इन्सुलिनचा हुकूम नीट पाळला जात नाही, यकृत गरजेपेक्षा जास्त साखर सोडत राहते आणि स्नायू ती पुरेशी उचलत नाहीत. शिवाय फुगलेल्या पेशींपैकी काही मरतात, त्यांच्याभोवती संरक्षक पेशी जमतात आणि मंद दाह सुरू होतो. त्यातून निघणारी द्रव्ये इन्सुलिनच्या कामात आणखी अडथळा आणतात. इन्सुलिनला साहाय्य करणारे ॲडिपोनेक्टिन हे संप्रेरक या पेशी स्वतःच बनवतात, पण पोटावरची चरबी वाढली की तेही घटते.

तुमच्या वहिनींच्या बाबतीत त्वचेखालचे, विशेषतः मांड्या-नितंबांवरचे गोदाम बहुधा ऐसपैस असावे. त्यांनी निर्धास्त राहावे असे मात्र मी म्हणणार नाही. वर्षातून एकदा त्यांचीही तपासणी करून घ्या. आपल्याकडे बारीक हातपाय आणि सुटलेले पोट ही ठेवण फार आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपली आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली होती. उंचीच्या मानाने वजन दोघांचेही सारखेच, पण चरबीचे प्रमाण याज्ञिकांचे २१ टक्के आणि सहकाऱ्याचे ९ टक्के! म्हणूनच भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० धरतात. तुम्ही ती ओलांडली आहे.

दिलासा असा की पोटातली आणि यकृतातली चरबी लवकर उतरते. तुमच्यासाठी पाच किलो हे पहिले लक्ष्य पुरेसे आहे. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ती मोजून खावी, आणि शेंगाचटणीवर तेल ओतताना हात आखडावा, कारण एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात. जेवणानंतर पंधरा मिनिटे चाला. चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर उचलतो. घाई मात्र नको. वजन घटले तरी पेशींची संख्या कमी होत नाही, त्या फक्त रोडावतात. रोडावलेल्या पेशी लेप्टिन हे भूक आवरणारे संप्रेरक कमी सोडतात, त्यामुळे भूक वाढते आणि शरीर ऊर्जा जपून खर्च करू लागते. त्या काळात तुम्हाला जास्त भूक लागली, तर तो मनाचा दुबळेपणा समजू नका. तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, तपासून घ्या.

प्रश्न : पोटावरची चरबी यंत्राने ओढून काढली, तर साखर उतरेल का? (एक भगिनी, अक्कलकोट रोड)

उत्तर : नाही. २००४ मध्ये अमेरिकेत लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सुमारे दहा किलो चरबी अशा रीतीने काढून पाहण्यात आली; दहा-बारा आठवड्यांनंतरही इन्सुलिनच्या कार्यात सुधारणा दिसली नाही. त्वचेखालची चरबी गेली, पण आतड्यांभोवतीची आणि यकृतातली होती तिथेच राहिली, आणि उरलेल्या पेशीही पूर्वीइतक्याच भरलेल्या होत्या.