गरीब देशांनी आधी आर्थिक सुधारणा कराव्यात आणि लोकशाही मागाहून आणावी, हे खरं आहे का?

‘सुधारणा कडू असतात, लोक मत देऊन त्या हाणून पाडतात, म्हणून आधी एखादा खमक्या शासक हवा,’ असं तुम्ही वाचलंय आणि ते पटतंय, असं तुम्ही लिहिलंय. कॉलेजात असताना मीही हेच तावातावाने मांडायचो. उदाहरण ठरलेलं, दक्षिण कोरिया. आज मला ते अजिबात पटत नाही.

कोरियाचंच घ्या. १९६१ साली पार्क चुंग-ही यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली आणि त्यांच्या काळात देशात कारखानदारी उभी राहिली, हे खरंच आहे. पण ‘मग लोकशाही आली’ या वाक्यातल्या ‘मग’खाली किती माणसं गाडली गेली! १९८० मध्ये ग्वांगजू शहरात सैन्याने आपल्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या. जानेवारी १९८७ मध्ये एका विद्यार्थ्याचा पोलिसांच्या छळात जीव गेला आणि पोलिसांनी सांगितलं काय, तर टेबलावर हात आपटला आणि तो दचकून मेला. त्या जूनमध्ये टाय लावलेले ऑफिसवालेही विद्यार्थ्यांच्या मोर्चात उतरले, तेव्हा कुठे थेट अध्यक्षीय निवडणूक मान्य झाली.

शिवाय खमके शासक आपण निवडून निवडून आठवतो. झैरेमध्ये (आजचा काँगो लोकशाही प्रजासत्ताक) हुकूमशहा मोबुटूंनी १९६५ पासून ३२ वर्षं एकहाती राज्य केलं आणि देश धुऊन नेला. या वादात त्यांचं नाव कुणी काढत नाही.

माझं मत खरं बदललं ते इंडोनेशियामुळे. तिथे इंधन महाग करण्याचा एकच कडू निर्णय दोन वेगळ्या राजवटींनी घेतला. १९९७ मध्ये तिथलं चलन रुपिया कोसळलं, हुकूमशहा सुहार्तो कर्जासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे गेले, आणि ४ मे १९९८ ला पेट्रोल एकदम सुमारे ७० टक्क्यांनी महागलं. तीस वर्षांत सुहार्तोंच्या मुलांनी मक्तेदाऱ्यांवर केलेली कमाई लोकांनी पाहिली होती. आता ‘सगळ्यांनी थोडी झळ सोसू या’ हे कोण ऐकणार? जकार्तात चार विद्यार्थी गोळीबारात मेले, शहर पेटलं, चिनी वंशाच्या लोकांची दुकानं-घरं जाळली गेली, हजारावर माणसं गेली. २१ मेला सुहार्तोंनी राजीनामा दिला. दरवाढीनंतर खमकेपणा तीन आठवडेसुद्धा टिकला नाही.

पुढे लोकांनी निवडून दिलेल्या अध्यक्ष युधोयोनो यांच्या सरकारने ऑक्टोबर २००५ मध्ये इंधनाचे दर सरासरी दुपटीहून जास्त वाढवले. रॉकेल तर ७०० रुपियांवरून २,००० रुपिये लिटर. म्हणजे १९९८ पेक्षा मोठा घाव. पण सोबत गरीब घरांना दर तीन महिन्यांना ३ लाख रुपिये रोख, पोस्टातून. मोर्चे निघाले, पोस्टासमोर रांगा लागल्या, यादीत नाव नाही म्हणून भांडणं झाली. हे सगळं सरकारला ऐकून घ्यावं लागलं, कारण चार वर्षांनी याच लोकांच्या दारात जायचं होतं. २००९ मध्ये युधोयोनो पुन्हा निवडून आले. मतदानाआधी कच्चं तेल उतरलं, सरकारने दर कमी केले, त्याचाही त्यात वाटा होता. पण २००५ च्या त्या दरवाढीने सरकार पडलं नाही आणि शहरही पेटलं नाही.