मिनेसोटाच्या बर्फासाठी ऑल व्हील ड्राइव्ह इलेक्ट्रिक गाडी कोणती घ्यावी: टेस्लाची मॉडेल वाय, ह्युंदाईची आयोनिक ५ की सुबारूची सोलटेरा?

तिन्हींपैकी कोणतीही घ्या, पण टायरचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा. तुम्ही पुण्याहून नुकतेच मिनियापोलिसला आलात, पहिला हिवाळा तोंडावर आहे, आणि एवढ्या लांबलचक प्रश्नात टायर हा शब्द एकदाही नाही, म्हणून लिहायला बसलो. एरवी मी इथे फक्त वाचतो.

आमचे साडूभाऊ डुलूथला राहतात. इथून अडीचशे किलोमीटर, सुपीरिअर सरोवराच्या काठावर. गाव सगळं डोंगरउतारावर, रस्ते थेट पाण्यातच उतरतात की काय असं वाटावं. माझ्या पहिल्या इलेक्ट्रिक गाडीचा सल्ला त्यांचाच. दोन मोटरवाली घे, एक पुढे एक मागे, म्हणजेच ऑल व्हील ड्राइव्ह, मग बर्फाला भ्यायचं कारण नाही. हिवाळी टायरचं विचारलं तर म्हणाले, "चारही चाकं ओढतायत, वर आणखी हजार डॉलर कशाला घालतोस?" हजार डॉलर वाचवणारा सल्ला माणसाला लगेच पटतो. मलाही पटला.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी त्यांच्याकडे निघालो. मी, बायको, आणि मागे सासूबाई, मांडीवर तिळाच्या वड्यांचा डबा. बाहेर फॅरनहाइटचं शून्य, म्हणजे आपलं उणे १८. वाटेत हिंकलीला चार्जिंगला थांबलो. गाडी रस्ता असा धरून चालली होती की मी साडूंना मनातल्या मनात दुवा देत होतो. डुलूथमधला चढही एका दमात चढलो. शेजारी एक पिकअप जागच्या जागी चाकं फिरवत उभा होता. मला जरा माजच आला.

मग त्यांच्या गल्लीचा उतार लागला. खाली स्टॉपची पाटी. वेग जेमतेम १५ मैल. ब्रेकवर पाय ठेवला, पायाखाली एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, खडखडायला लागली आणि गाडी काही थांबेना. वरातीच्या चालीने, अगदी सावकाश, आम्ही पाटीपाशी आलो, पाटीच्या पुढे गेलो, चौक ओलांडला आणि समोरच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबलो. आडवं कुणी आलं नाही हे नशीब. बंपर गेला. वड्या सगळ्या सीटखाली. मे महिन्यापर्यंत एकेक सापडत होती.

साडूंनी दारातूनच निकाल दिला: "तू ब्रेक जोरात मारलास."

आता ऐका. मोटर दोन असल्या तरी त्यांचं काम ओढायचं. थांबायचं आणि वळायचं म्हटलं की रस्त्याला टेकलेलं रबर तेवढं कामाचं. चारही चाकांना ब्रेक तर मारुती ८००लाही होते. शोरूममधून गाडीला येतात ते ऑल सीझन टायर, आणि तापमान ७ सेल्सियसच्या खाली गेलं की त्यांचं रबर कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह बघून घ्या. नुसत्या एम अधिक एस (मड अँड स्नो) अक्षरांवर जाऊ नका. नोकियनचे हाकापेलिटा किंवा ब्रिजस्टोनचे ब्लिझॅक, दोन्ही चांगले. खिळेवाले शोधू नका, इथल्या रहिवाशांना त्यांची बंदी आहे. वेगळ्या रिमवर चढवून घ्या, म्हणजे दर सीझनला टायरवाल्याकडे रांग नको. आणि कॅनडात क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. त्या कायद्यात ऑल व्हील ड्राइव्हला सूट नाही. हे मी साडूंना दोनदा व्हॉट्सॲपवर पाठवलंय. दोन्ही वेळा अंगठा आला.

तुमच्या तीन गाड्यांचं म्हणाल तर: सोलटेरा जमिनीपासून ८.३ इंच उंच आहे, गल्लीत प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला सारणारी गाडी, उशिरा येत असेल तर तिचा उपयोग. मॉडेल वायला पहिल्यापासून हीट पंप आहे, म्हणजे कमी विजेत केबिन गरम होते. आयोनिक ५ ची चार्जिंग झपाट्याची, पण बॅटरी गरम असेल तरच. सेकंडहँड घेणार असाल तर २०२५ च्या आधीच्या आयोनिक ५ ला मागचा वायपर नाही, आणि इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्या चिखलात मागची काच तासाभरात पांढरी होते. बॅटरी गारठलेली असताना जोरात चार्ज केली तर आत लिथियमचा थर साचतो, म्हणून गाडी स्वतःच चार्जिंग आवरतं घेते. गाडीत सोय असेल तर निघताना तिच्या नकाशात चार्जर टाका, म्हणजे वाटेतच बॅटरी तापते. सकाळी प्लग काढायच्या आधी केबिन गरम करा. कडाक्यात माझी रेंज एक तृतीयांश तरी कमी होते, तेवढी धरूनच चाला. रीजेन, म्हणजे पाय उचलताच मोटरनेच गाडी मंदावणं, कमीवर ठेवा, निसरड्यावर ॲक्सिलरेटर सोडताच गाडी झटका देते.

खरं तर शहरातच फिरणार असाल तर एका मोटरची गाडी आणि चांगले टायर एवढं पुरतं. हे आधीच सांगायला हवं होतं. आणि अपार्टमेंटमध्ये स्वतःचा प्लग नसेल तर हा हिवाळा पेट्रोलवर काढा. ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसमध्ये उणे ३३ सेल्सियस झालं होतं, तसल्या दिवशी सार्वजनिक चार्जरपाशी तासभर बसून बघा.

साडूभाऊ हे वाचणार, मला माहीत आहे. ब्रेक मी हळूच दाबला होता. सासूबाईंना विचारा, त्या मागेच होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, दोन्ही जावई शहाणे आहेत, माझा डबा तेवढा शोधून द्या.